खाकरणे : रीत की रोग?

आपल्याकडे खाकरणे ही एक भाषाच आहे. जुन्या घरांतून सासरे ओसरीवरून आत येताना आधी खाकरत. आतल्या सुना समजून जात, मामाजी आले. पदर सावरले जात, हसणे-बोलणे थांबे. पहाटे टमरेल घेऊन नाल्याकडे गेलेला माणूस पावलांची चाहूल लागली की खाकरे. इकडे मी आहे, पुढे येऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. बैठकीत दुसरा बोलत असताना मध्येच तोंड घालणे बरे दिसत नाही. म्हणून वडीलधारा माणूस नुसता घसा साफ करतो आणि सगळे त्याच्याकडे वळून पाहतात. कोणाचा अपमान न करता बोलणे थांबविण्याची ही युक्ती आहे.

या रीतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या आड लपणाऱ्या आजाराबद्दल. जो आवाज रोजच्या वागण्यातला म्हणून कानावर पडतो, त्याकडे आजार म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. ‘बाबांना ती सवयच आहे,’ हे वाक्य माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असंख्य घरांतून ऐकले आहे. आणि ज्यांच्याविषयी ते म्हटले जाते, ते सगळेच निरोगी असतात असे नाही.

खाकरताना नेमके काय होते, ते समजून घेऊ. आपल्या स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरतंतू असतात. खाकरताना ते एकमेकांवर जोराने आपटतात. एकदोनदा झाले तर बिघडत नाही. पण दिवसभर हेच चालले तर तिथे दाह होतो, घशात काही अडकल्यासारखे वाटते, आणि माणूस पुन्हा खाकरतो. हे दुष्टचक्र आहे. शिक्षक, कीर्तनकार, वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांतून रात्र रात्र गाणारे-बोलणारे आपले झाडीपट्टीचे कलावंत यांनी तर हे ध्यानात ठेवावेच. घसा खवखवला की खाकरण्याऐवजी पाण्याचा एक घोट घ्यावा, नाहीतर नुसता आवंढा गिळावा. साधा उपाय आहे, पण उपयोगी पडतो.

आता कारणांकडे वळू. सर्दीचे पाणी नाकामागून घशात उतरते. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाले की पोटातले आम्ल वर येते. चुलीचा धूर असतो, विडी असते. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा भागातील कोळसा आणि सिमेंटची धूळ आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा रामिप्रिल, कोरडी ढास लागते. अशी शंका आली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे, बदलून मिळते. लहान मूल सारखे खाकरत असेल तर त्याला रागावू नये. कधी ती अ‍ॅलर्जी असते, कधी नकळत होणारी हालचाल असते. रागावल्याने ती वाढते.

आपल्या दोन जिल्ह्यांत याशिवाय दोन गोष्टी आहेत, ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

पहिली गोष्ट खर्रा. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. गडचिरोलीत दारू-तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ अभियान २०१६ साली सुरू झाले. तरीही सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा बायामाणसांच्या आणि शाळकरी पोरांच्याही तोंडात आहे. खर्रा, विडी किंवा दारूची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांवर घोगरा राहिला, घास गिळताना अडकू लागला, मानेत गाठ लागली, तोंडातला पांढरा-लाल चट्टा बरा होईना किंवा तोंड पूर्वीइतके उघडेना, तर घसा साफ करीत बसू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.

दुसरी गोष्ट क्षयरोग. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ साली शोधून काढला. आज त्यावर खात्रीचे औषध आहे, तरी हा रोग आपल्यात आहेच. दोन आठवडे किंवा अधिक काळ खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, थुंकीत रक्त दिसले असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो आणि तो पुरा करावाच लागतो. रुग्णाच्या आहारासाठी सरकार जी मदत देते, ती नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये झाली आहे. यात लाजण्यासारखे काही नाही.

शेवटी दवाखान्याबद्दल. आपल्या भागातला माणूस फार भिडस्त. डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतो, आणि हा दाराशी हळूच खाकरून उभा राहतो. विशेषतः बाया नवऱ्याच्या मागे उभ्या राहतात. नवरा बोलतो, त्या फक्त घसा साफ करतात. खरे दुखणे त्यांच्या ओठांवर आलेले असते आणि तिथेच राहते. आम्हा डॉक्टरांनी त्या आवाजाला मान वर करून पाहिले पाहिजे, ‘बोला बाई’ असे म्हटले पाहिजे. ते आमचे कामच आहे. पण तुम्हीही नुसत्या खाकरण्यावर थांबू नका. ‘डॉक्टरसाहेब, माझे अजून सांगायचे राहिले,’ एवढे शब्दांत म्हणा. त्यात उद्धटपणा नाही.

लक्ष वेधायला एकदा खाकरले तरी पुरते. घरात कोणी दिवसभर, आठवडेच्या आठवडे खाकरत असेल, तर त्याला सवय म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात घेऊन या.