'बॅड' कुणी ठरवायचं?

मंडळी, या शनिवारी जरा डोक्याचं बोलू. अक्षरशः डोक्याचं!

मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी. मोठ्या माणसाच्या डोक्यावर हा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. नुसती पापणी लवली तरी त्याच वायरींवर याहून मोठी लाट उमटते. दात आवळले, घाम आला, वायर हलली, की आणखी कचरा. तो काढावाच लागतो. माझं भांडण काढण्याच्या पद्धतीशी आहे.

एमएनई-पायथन हे या कामाचं खुलं, फुकट, नावाजलेलं सॉफ्टवेअर. त्यात आलेखाच्या एखाद्या भागाला शेरा देता येतो. शेरा 'बॅड' या अक्षरांनी सुरू झाला, की पुढे विश्लेषणासाठी तुकडे पाडताना तो भाग आपोआप गळतो. म्हणजे 'इथे पापणी लवली' हे निरीक्षण आणि 'हे फेका' हा निर्णय, दोन्ही एकाच शब्दात कोंबले! आपल्या ज्युनियरने असा कोड लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये सोडलं असतं का?

दुसरी सोय उंबरठ्याची. अमुक मायक्रोव्होल्टच्या वर गेला की तुकडा बाद. का बाद झाला याची यादी राहते, हे कबूल. पण नंतर उंबरठा सैल केला तरी गेलेला तुकडा परत येत नाही. आधी कॉपी काढून ठेवली असेल तरच वाचलात. (डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलंय. वाचतो कोण?)

"एवढं काय त्यात?" म्हणाल. चला माझ्या गावी, चंद्रपूरला. उन्हाळ्यात पारा ४७ च्या पुढे जातो, आणि घामाने ईईजीत संथ, मोठे हेलकावे येतात. तेल चोपडून घातलेल्या वेणीखाली इलेक्ट्रोड नीट टेकत नाही. लहान मुलांच्या लाटा मुळातच उंच, झोपेत तर १०० च्या वर सहज. मिरगीत दिसणारा टोकदार स्पाइकही उंच असू शकतो. आता एसी लॅबमध्ये, कॉलेजच्या पोरांवर बसवलेला १०० चा उंबरठा एटापल्लीच्या शाळकरी मुलीला लावा. काय उरेल? आणि गळालं ते घाम होतं की आजार, हे कोण सांगेल? असली स्क्रिप्ट मीही लिहिलीय, आलेख 'स्वच्छ' झाला म्हणून खूशही झालोय. म्हणून बोलतोय.

गडचिरोलीने (१९८२ पर्यंत हा चंद्रपूरचाच भाग) हा धडा वेगळ्या विषयात आधीच दिलाय. 'सर्च'चे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या २००१ च्या अहवालाने दाखवलं, की राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नव्हते. कागद स्वच्छ, आणि पोरं मरतायत. ज्याची नोंद नाही, त्याचा इलाजही नाही.

मग बदल काय हवा? एक, खुणेत फक्त काय दिसलं ते लिहा. ठेवायचं की गाळायचं, ते वेगळ्या रकान्यात, ज्याच्या त्याच्या अभ्यासाप्रमाणे. दोन, खूण माणसाने केली की स्क्रिप्टने, आणि कोणत्या उंबरठ्यावर, तेही सोबत राहू द्या. तीन, मूळ आलेखाला हात नको. गाळणं चष्म्यासारखं असावं, हवं तेव्हा काढता येणारं.

"जुन्या स्क्रिप्ट मोडतील!" मोडू देऊ नका. जुना 'बॅड' काही आवृत्त्या चालू ठेवा, सोबत इशारा द्या. "पण उंबरठा आता डेटातूनच शिकता येतो!" येतो की. २०१७ चं ऑटोरिजेक्ट हेच करतं, प्रत्येक सेन्सरचा वेगळा उंबरठा काढतं. छानच आहे. पण हुशार यंत्राने गाळलं म्हणून कारण विचारायचंच नाही, असं थोडीच आहे?

कचरा काढा, खुशाल काढा. फक्त डब्यावर चिठ्ठी लावा, आणि डबा लगेच रिकामा करू नका. एटापल्लीच्या मुलीचा आलेख कदाचित त्यातच पडलेला असेल.