एस्टोनिया व्हाया शहापूर

आधीच सांगून टाकतो, हे शहापूर ठाण्याचं नव्हे. हे भंडारा जिल्ह्यातलं. नागपूरहून भंडाऱ्याला निघालात की भंडारा यायच्या थोडं आधी हमरस्त्यावर लागतं. शेजारी जवाहरनगर, तिथली आयुध निर्माणी. शहापुरात इंजिनियरिंग कॉलेज आहे, त्यामुळे इथून शिकून पुण्यात कोड पाडणारं एखादं पोरगं तुमच्याही टीममध्ये असेल. विचारून बघा.

आता मुद्दा. आमच्या धंद्यातल्या मीटिंगांमध्ये हल्ली एक खूळ दिसतं. आरोग्याचं एखादं अ‍ॅप बनवायचं आणि ते युरोपातल्या एखाद्या चिमुकल्या देशात आधी उतरवायचं. एस्टोनिया म्हणजे सगळ्यांचा लाडका. 'छोटं मार्केट आहे, पायलटला बेस्ट' असं म्हणत स्लाइड पुढे सरकते आणि सगळे माना डोलावतात.

छोटं म्हणजे केवढं? २०११ च्या जनगणनेत एस्टोनियाची लोकसंख्या होती सुमारे १२ लाख ९४ हजार. त्याच वर्षीच्या आपल्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची होती १२ लाख. एक देश, एक जिल्हा, माणसं जवळजवळ तेवढीच. पण तिकडच्या माणसाला आपण 'युजर' म्हणतो आणि इकडच्याला 'लाभार्थी'. माझं भांडण ह्या दोन शब्दांशी आहे.

एस्टोनियात शिरायचं तर काय काय करावं लागतं? २००१ पासून तिथे एक्स-रोड नावाची यंत्रणा आहे, सरकारी आणि खाजगी डेटाबेस एकमेकांशी तिच्यातून बोलतात. २००८ मध्ये देशभराची आरोग्य नोंदप्रणाली सुरू झाली, २०१० मध्ये डिजिटल प्रिस्क्रिप्शन. ह्या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. पेशंट स्वतः लॉगिन करून बघू शकतो, की माझी फाइल कोणी उघडली आणि कधी. नको असेल तर तो नोंदी डॉक्टरांसाठी बंदही करू शकतो. वर २०१८ पासून युरोपचा जीडीपीआर कायदा आहेच. आपली कंपनी तिथे गेली की हे सगळं निमूटपणे पाळते. वकील लावते, भाषांतरकार लावते. एस्टोनियन बोलणारी माणसं जेमतेम ११ लाख, तरी त्या भाषेतला एकेक शब्द तपासून घेते.

आता शहापूरकडे या.

मागच्या दिवाळीत गावाकडे गेलो होतो. एका दवाखान्याच्या (नाव नको) खिडकीशी रांगेत उभा होतो. पुढच्या आजींचं आधार कार्ड घेतलं, नातवाच्या मोबाईलवर ओटीपी आला, नातवाने तो ओरडून सांगितला, आणि चौदा आकडी आभा नंबर तयार! मध्ये स्क्रीनवर इंग्रजीत संमतीचा लांबलचक मजकूर आला होता. ऑपरेटरने तो न वाचताच टिक मारली. आजींनी विचारलं, "बाबू, हा नंबर कायचा जी?" उत्तर मिळालं, "लागते आजी, वरून ऑर्डर आहे."

वरून ऑर्डर? आभा ऐच्छिक आहे, हे सरकारच सांगतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आराखडा वाचलात तर संमतीची व्यवस्था कागदावर चांगली विचार करून केलेली दिसते. पण कागद आणि खिडकी ह्यांच्यामध्ये जे सॉफ्टवेअर असतं ते आपण लिहितो, आणि ती टिक दुसऱ्याला मारता येईल अशी सोय आपणच ठेवतो. २०२१ मध्ये कोविनवर आधार देऊन लस घेतलेल्या अनेकांना असाच, न विचारता तयार झालेला हेल्थ आयडी सर्टिफिकेटवर सापडला होता. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीकरण खुलं झालं तेव्हा त्याच कोविनवर ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती. मराठी त्यावर आली जूनमध्ये. तोवर शहरातली वेगवान बोटं खेड्यातले स्लॉट पळवून, गाडीने येऊन, लस टोचून परत गेली होती. ११ लाखांच्या भाषेचा एकेक शब्द तपासणारे आपण, आणि आठ कोटींच्या भाषेला महिनाभर थांबवणारेही आपणच.

ह्यावर ठरलेली उत्तरं येतात.

पहिलं, एस्टोनिया श्रीमंत आहे हो! १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडला तेव्हा नव्हता. आणि तो काही देवही नाही. २०१७ मध्ये त्यांच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला, साडेसात लाखांच्या आसपास कार्डं अडकली. सरकारने ते जाहीर केलं आणि प्रमाणपत्रं स्थगित केली. विश्वास असा कमावतात.

दुसरं, भंडाऱ्यात आधी वायरिंग दुरुस्त करा, मग लॉगबिगचं बघू. हे उत्तर मला खरंच टोचतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. कुठल्याही अ‍ॅपने ती वाचली नसती. वायरिंग आधी, एकदम मान्य. पण मग वायरिंग होईपर्यंत नोंदी गोळा करणं तरी थांबलंय का? ते तर जोरात चालू आहे. माहिती घ्यायला भंडारा तयार आहे आणि हिशोब द्यायची वेळ आली की मागास आहे, हे कसलं गणित?

तिसरं, खर्च. इथे मात्र मी माझ्या जातभाईंना सोडणार नाही. कुठली नोंद कोणी उघडली हे आपण ऑडिट टेबलात लिहितोच. तो डेटा पडलेलाच असतो. त्यावर एक क्वेरी आणि मराठीत एक एसएमएस, 'आज तुमची फाइल अमुक दवाखान्याने उघडली'. फोन नसेल तर खिडकीवर छापील कागद. दोन स्प्रिंटचं काम आहे राव. होत नाही कारण मागत कोणी नाही.

कायदा आपल्याकडेही आलाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य अटींसाठी अठरा महिन्यांची मुदत. ह्या मुदतीत काय होणार ते मला आत्ताच दिसतंय. संमतीचा मजकूर आणखी लांब होईल, आणि टिक तोच ऑपरेटर मारेल.

म्हणून मागणी एकच. एस्टोनियासाठी जी स्क्रीन बनवता, तीच शहापूरसाठी बनवा. एकच कोडबेस, एकच नियम, फक्त भाषा वेगळी. क्लायंटने मागितली नाही तरी डिझाइन रिव्ह्यूमध्ये हात वर करून विचारा, की पेशंटला हा लॉग कुठे दिसतो? फार तर मॅनेजर वैतागेल. पण "हा नंबर कायचा जी?" ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम खिडकीवरच्या दमलेल्या ऑपरेटरचं नाही. ते आपलं आहे, पगार आपल्याला त्याचाच मिळतो.

असो. उद्या सोमवार. तुमच्या प्रॉडक्टमध्ये ती स्क्रीन आहे का, एवढं बघून सांगा.