गंमत गणिताची : नळी तिरपी जात नाही!

मुलांनो, आजचं गणित मोसंबीच्या बागेत करू या. चला जालना जिल्ह्यात! अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांत मोसंबी भरपूर, पाण्याचा मात्र तुटवडा. २०१२-१३च्या दुष्काळात किती तरी बागा वाळून गेल्या. म्हणून बागेला ठिबकच्या नळीनं थेंब थेंब पाणी देतात.

समजा, झाडं चौरसात लावली आहेत. दोन झाडांत ६ मीटर, दोन ओळींतही ६ मीटर. कोपऱ्यातल्या झाडापाशी पाण्याचा कॉक आहे. तिथून ४ झाडं पुढे आणि ३ ओळी वर असलेल्या झाडापर्यंत किती नळी लागेल?

पायथागोरसचा नियम आठवून तुम्ही म्हणाल, "२४ आणि १८, म्हणजे ३० मीटर!" बरोबर, पण ते पाखराचं अंतर झालं. नळी बागेतून तिरपी टाकली, तर वखर कसा फिरणार? ती आधी कडेनं, मग ओळीनं जाते. २४ + १८ = ४२ मीटर. तीसच मीटर आणली, तर झाड तहानलेलंच राहील! कागदावर ती पायऱ्यापायऱ्यांनी वळवत नेऊन पाहा. बेरीज ४२च. अशा ३५ वाटा निघतात बरं का!

असं फक्त आडवं-उभं अंतर मोजणारी ती 'टॅक्सी भूमिती'. टॅक्सी काही घरांच्या आरपार जात नाही ना! अंतर मोजण्याच्या अशा वेगळ्या रीतींचा अभ्यास हेर्मान मिंकोव्स्की (१८६४-१९०९) यांनी केला. टॅक्सीचं नाव मात्र कार्ल मेंगर यांनी १९५२ साली दिलं.

आता चौकटीचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे ६ मीटर. मधल्या एका झाडापासून टॅक्सीच्या मापानं बरोबर १२ मीटरवरच्या सगळ्या जागा जोडा. वर्तुळ आलं? छे, शंकरपाळं! त्याची प्रत्येक बाजू टॅक्सीच्या मापानं २४ मीटर. परीघ ९६, व्यास २४. भागाकार चक्क ४! आपला ३.१४ गेला कुठे?

आणि क्षेत्रफळ? बाजू गुणिले बाजू, म्हणजे ५७६ चौरस मीटर? थांबा! आतल्या चौकटी मोजा. ४ पूर्ण आणि ८ अर्ध्या, म्हणजे एकूण ८. एका चौकटीचे ३६, तर ८ चौकटींचे फक्त २८८! असं का? रेघ तिरपी केली की टॅक्सीचं माप बदलतं, जमीन मात्र तेवढीच राहते. लांबी गुणिले रुंदी हे गणित या मापानं तेव्हाच जमतं, जेव्हा बाजू ओळींना धरून असतात.

५७६ म्हणजे साडेपाच गुंठ्यांहून जास्त, २८८ म्हणजे तीन गुंठेही नाहीत. या हिशेबानं जमीन घेणारा पुरता बुडेल! तेव्हा नळी आणायची तर टॅक्सीचं माप, जमीन मोजायची तर चौकटी.

आता तुमच्यासाठी कोडं : मधल्या झाडापासून टॅक्सीच्या मापानं बरोबर १८ मीटरवर किती झाडं असतील? उत्तर पुढच्या अंकात!