नजर चांगली, पण पडद्याचे काय?



जपानमध्ये तोक्यो शहराच्या एदोगावा विभागात निशी-कसाई म्हणून वस्ती आहे. 2000 सालाच्या सुमारास कॉम्प्युटरचे इंजिनियर तिथे जाऊ लागले. आज तिथे मराठी घरेही आहेत, आणि मुलांकडे आईवडील राहायला जातात. या वेळचे सदर त्यांच्या निमित्ताने. पण डायबेटिस गाव बघून येत नाही, तेव्हा सगळ्यांनीच वाचावे.

जपानीत या रोगाला 'तोन्योब्यो' म्हणतात, म्हणजे साखर-लघवीचा रोग. आपला 'मधुमेह' शब्दही तेच सांगतो. दोन्ही नावे लघवीची, पण नुकसान होते रक्तवाहिन्यांचे, आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या तर केसाहून बारीक!

साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात. भिंतीला बारीक फुगे येतात, त्यातून रक्त आणि पाणी झिरपते. ते पडद्याच्या मध्यभागी साचले की अक्षरे धूसर, वाकडी दिसतात. काही वाहिन्या बंदच पडतात. मग उपाशी पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात. ऐकायला बरे वाटते, पण त्या इतक्या नाजूक की डोळ्यात रक्त उतरते, पुढे पडदा ओढला जाऊन सुटतो.

आणि बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही! वॉर्डात किती पेशंट म्हणायचे, "सिस्टर, कालपर्यंत चांगलं दिसत होतं हो."

जपानात कंपनी दरवर्षी कामगारांची तब्येत तपासते. डोळ्यांसाठी फट असलेले कडे दाखवून फट कुठल्या बाजूला ते विचारतात. बरोबर सांगितले की माणूस खूश. पण ती नजरेची तपासणी झाली, पडद्याची नव्हे. कायद्याच्या यादीत पडदा नाही. म्हणून साखर असेल त्याने डोळ्यांच्या दवाखान्यात, म्हणजे 'गांका'त, जाऊन 'गांतेई केन्सा' करायला सांगावे. थेंब घालून बाहुली मोठी करतात. नंतर चार-पाच तास धूसर दिसते, तेव्हा त्या दिवशी सायकल घरी ठेवावी.

साखर ताब्यात ठेवून फरक पडतो का? जपानातच कुमामोतोला 110 पेशंटवर सहा वर्षे अभ्यास झाला, 1995 साली छापला. सुरुवातीला पडदा चांगला असलेल्यांपैकी, इन्शुलिनने साखर कडक ताब्यात ठेवलेल्यांत सुमारे 8 टक्के लोकांचा पडदा बिघडला, नेहमीच्या उपचारात 32 टक्के. त्याच गावी 2013 साली जपानी डॉक्टरांनी जाहीर केले की तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 7 च्या खाली ठेवा. म्हाताऱ्या माणसांचा आणि ज्यांची साखर एकदम उतरते त्यांचा आकडा मात्र डॉक्टरच ठरवतील.

तेव्हा एवढे करा:

टाईप 2 कळला की लगेच पडदा दाखवा, मग दरवर्षी. आधीपासून डायबेटिस असलेल्या बाईने दिवस गेल्याबरोबर दाखवावा. जपानात 2002 पासून डोळ्यांची छोटी वही मिळते, साखरेच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकमेकांचे वाचावे म्हणून. आपणही साधी वही करावी. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जाळे आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लेसर आणि इंजेक्शनने उरलेली नजर पुष्कळदा वाचते, गेलेली पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून चांगले दिसते आहे तोवरच जा, बरं का!