कर्जमाफीचा दाखला मागून घ्या!

शेतकरी बंधूंनो, कर्जमाफी जाहीर झाली की गावात पेढे वाटले जातात. पण हा पैसा तुमच्या हातात पडतच नाही. सरकार तो बँकेला देतं आणि बँक तुमच्या नावावरची बाकी पुसते. नाव तुमचं, व्यवहार मात्र त्या दोघांचा. मग पैसा खरोखर तुमच्याच खात्यावर खर्ची पडला की नाही, हे बघायचं कोणी?

२००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवा. २९ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी ती जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याची पात्र थकबाकी पूर्ण माफ, इतरांनी पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के माफ. सुमारे ३ कोटी ४५ लाख शेतकरी आणि ५२ हजार कोटी रुपये! महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला तो मार्च २०१३ मध्ये. म्हणजे वरातीमागून घोडं. त्यांनी तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २०,२०६ खात्यांत चुका निघाल्या, म्हणजे पाचांत एकाहून जास्त. यादीबाहेर राहिलेली ९,३३४ खाती तपासली, तर १,२५७ जण चक्क पात्र होते. २,८२४ प्रकरणांत कागदपत्रांत फेरफार झाल्याचं दिसत होतं. आणि दाखल्याबाबत तपासलेल्या ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत शेतकऱ्याला कर्जमाफीचा दाखला मिळाल्याचा पुरावाच नव्हता. दाखला नाही, तर उद्या बाकी पुन्हा निघाली की दाखवणार काय?

त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेने बुडत्या बँका वाचवायला ७० हजार कोटी डॉलरची तरतूद केली. त्याच कायद्यात पैशाच्या वाटेवर नजर ठेवायला खास महानिरीक्षकही नेमला. तिथे सगळं आलबेल झालं असं नव्हे. पण पैसा निघतानाच राखणदार सोबत दिला, एवढं खरं.

आपल्याकडे २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत थोडी सुधारणा झाली. २०२० मध्ये याद्या गावात लागल्या, आणि आधार लावून रक्कम कबूल केल्यावरच पैसे जमा होऊ लागले. पण यादी वाचायला माणूस हवा ना! आपल्या वसईत अडचण वेगळीच. २००९ साली महापालिका झाली आणि अनेक गावांची ग्रामपंचायत गेली, म्हणजे ग्रामसभाही गेली. वाडी आहे, भातखाचर आहे, सातबारा आहे, पण जाब विचारायची जागा नाही. अशा गावांत सोसायटीची वार्षिक सभा हीच तुमची ग्रामसभा. तिथे जेवणापुरतं जाऊ नका.

करायचं काय? अगदी सोपं. सभासदाला सोसायटीच्या दप्तरातला स्वतःचा व्यवहार बघायचा कायद्याने हक्क आहे. तो उतारा घ्या. माफ झालेली रक्कम, तारीख आणि शिल्लक बाकी पासबुकाशी ताडून बघा. बेबाकी दाखला शिक्क्यासह मागा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला का, ते तलाठ्याकडे पाहा. वडिलांच्या नावावर कर्ज असेल तर हे आधी करा.

आणि सचिवसाहेब, तलाठीभाऊसाहेब, ग्रामसेवक, तुम्हालाही सांगणं आहे. यादी कपाटात ठेवू नका, चारचौघांत मोठ्याने वाचा. कोणाचं नाव का आलं आणि कोणाचं का राहिलं, हे गावाइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? दिल्लीचा तपासनीस पाच वर्षांनी येतो. गावाने त्याच दिवशी विचारलं, तर कुंपणाला शेत खायची हिंमत होणार नाही.