जरा चोक ओढा

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या मुहूर्तावर आमच्या दारात नवी मोटार उभी राहिली. सौ.ने तिला ओवाळले, नारळ फुटला, चारी चाकांखाली चार लिंबे ठेवली गेली आणि आमच्या कन्यारत्नाने एक बटण दाबताच मोटार सुरू झाली. सुरू झाली असे आपण म्हणायचे. आवाज असा काही झालाच नाही. लिंबे फुटली, तेव्हा ती हलली असे कळले!

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी मोठ्या मानाने पुढे शेजारी बसवले होते. चिंचवडहून निघून भोसरी, मोशीवरून थेट चाकणपर्यंत फेरी मारली. गिअर आपले आपण बदलत होते. मोशीला दोन थेंब पडले तर वायपर न सांगता फिरू लागले, आणि चाकणला अंधारून आले तर दिवे न सांगता लागले. दादा सारे निमूटपणे पाहत होते. घरी आल्यावर मी विचारले, "काय दादा, कशी आहे गाडी?"

"झकास आहे," ते म्हणाले, आणि चपला काढता काढता हळूच पुढे म्हणाले, "फक्त हिला माझं काही काम नाही रे."

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे की हा मास्तर यंत्रांपेक्षा व्याकरणात रमणारा. पण दादांच्या त्या वाक्यात मला व्याकरणच दिसले. नव्या मोटारीत सगळा कर्मणी प्रयोग असतो. दिवे लावले जातात, काचा पुसल्या जातात, दारे लावली जातात. कर्ता म्हणून कुणी सापडायचा नाही. आमच्या जुन्या गाडीत मात्र प्रत्येक क्रियापदाला एक जिताजागता कर्ता होता, आणि बहुतेक वेळा त्याचे हात काळे झालेले असत.

ही जुनी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री पद्मिनी, घरात तिला 'फियाट' याखेरीज दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. तिचे कूळ मोठे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट मोटारी होऊ लागल्या. हिची थोरली बहीण ती 'डुक्कर फियाट'. तिची पुढची दारे आपल्या कपाटासारखी उलट्या बाजूने उघडत. पुढे १९७४ च्या सुमारास या इटालियन घराण्यातल्या धाकटीचे नव्याने बारसे झाले आणि तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. आमच्याकडे ती आली १९९२ साली, मुंबईच्या एका डॉक्टरांकडून, अकरा वर्षांची होऊन. मीही तेव्हा अकराच वर्षांचा. त्यामुळे आमचे पहिल्यापासून जमले.

तुम्ही म्हणाल, पिंपरी-चिंचवडच्या माणसाने कुर्ल्याची मोटार का घ्यावी? प्रश्न रास्त आहे. आमचा मुलूख गाड्यांचा. आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी होत आणि बजाज टेंपोच्या मॅटाडोर होत. पिंपरीला टेल्कोचे ट्रक होत. दादा स्वतः टेल्कोत फिटर. आणि १९९१ साली तिथून सिएरा बाहेर पडली, तेव्हा तिचे वर्णन दादा रात्री जेवताना असे करीत, की जणू घरात लेकीचे लग्न ठरले आहे. तीनच दारे, मागे छतापर्यंत वळत गेलेली भलीमोठी काच, पुढच्या काचा बटणाने खालीवर! आईने विचारले, "मग आपण कधी घ्यायची?" दादा हसून म्हणाले, "हलवाई रोज जिलबी खातो का?" आणि महिन्याभरात ही अकरा वर्षांची फियाट घेऊन आले.

तिच्या खोडी, म्हणजे खरे तर तिच्या काळच्या साऱ्याच मोटारींच्या खोडी, आज कुणाला सांगितल्या तर पटत नाहीत. पहिली गोष्ट चोक. थंडीच्या सकाळी इंजिन गार असते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. तेव्हा एक मूठ ओढायची, म्हणजे कार्बोरेटरकडे जाणारी हवा कोंडते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. कमी ओढली तर गाडी रुसते. जास्त ओढली तर प्लग ओले होऊन बसतात. आणि एकदा सुरू झाली की ती मूठ हळूहळू, कानाने अंदाज घेत, परत ढकलायची. किती आणि केव्हा, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते दादांच्या कानात होते.

दुसरी गोष्ट, गिअरचा दांडा जमिनीवर नसून सुकाणूच्या डाव्या बाजूला. त्यामुळे पुढचे आसन देवळातल्या ओट्यासारखे सलग, आणि त्यावर तिघे बसत. मधली जागा माझी. तिसरी गोष्ट, पुढच्या दाराची ती इवलीशी तिकोनी काच. ती फिरवून धरली की वाऱ्याचा झोत नेमका तोंडावर येई. तिचा ताबा आईकडे असे, आणि 'जरा इकडे फिरव' यावरून चाकणपर्यंत आमचे दोन तंटे तरी ठरलेले.

दिवाळीत आम्ही नारायणगावाजवळच्या आमच्या गावी जात असू. आज चाकण म्हटले की परदेशी मोटारींचे कारखाने आणि कंटेनरांची रांग डोळ्यांपुढे येते. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, आणि फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाशी झुंजवलेला भुईकोट. मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, आणि मग खेडचा घाट. घाट जवळ आला की गाडीत लष्करी शिस्त येई. आईच्या मांडीवर ओले फडके. उन्हाच्या वेळी कार्बोरेटरच्या कुठल्याही गाडीत इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होई आणि पंपाला ते ओढता येत नसे. अशा वेळी पंपावर गार फडके ठेवणे हाच उतारा. धाकट्या बहिणीकडे पाण्याचा डबा. माझ्याकडे चाकामागे लावायचा दगड. तो दगड आम्ही घरूनच नेत असू! एकदा निघण्यापूर्वी रेडिएटरात पाणी घालायचे काम माझे होते आणि मी ते विसरलो. घाटात काटा तांबड्यावर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. दादा रागावले नाहीत. आंब्याखाली सतरंजी अंथरून म्हणाले, "चला, फराळाचा डबा काढा. गाडी दमलीय." आजही चिवड्याचा घास घेतला की मला तो आंबा आठवतो.

आता मी हे रंगवून सांगतो आहे म्हणून जुने ते सारे सोने असे कुणी समजू नये. मधल्या जागेवर बसलेल्या मला पट्टा नव्हता. पुढच्या आसनांना पट्टे असलेच पाहिजेत असा नियम मोटारींसाठी १९९४ साली आला. चालकासमोरची हवेची पिशवी सक्तीची झाली ती तर २०१९ साली. एखादा ट्रक आडवा आला असता तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो. शिवाय २००० सालापर्यंत पेट्रोलमधून शिशाची वाफही आमच्या फुप्फुसांत जात होती. धुराचे नियम कडक झाले, इंधनाचे माप यंत्रमेंदूकडे गेले, चोक गेला. हे चांगलेच झाले. माझी लेक रोज ज्या गाडीत बसते, ती नवीच असावी असे मला वाटते, आणि त्यात मला लाज वाटत नाही.

पण मग माणसे हळहळतात ती कशासाठी? मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोक तिच्याबरोबर फोटो काढायला गेले. कंपन्यांनाही या हळवेपणाची किंमत कळते. चेतक स्कूटर एका अंगावर कलती करून किक मारण्याचा विधी ज्यांनी केला, त्यांच्याचसाठी ते नाव विजेच्या स्कूटरवर परत आले. सिएराही २०२५ च्या नोव्हेंबरात नवा अवतार घेऊन आली. युरोपात तर २०१९ पासून विजेच्या नव्या मोटारींना मुद्दाम आवाज बसवावा लागतो, कारण पायी जाणाऱ्याला त्या आल्याचे कळत नाही. आधी आवाज घालवायचा आणि मग विकत आणून बसवायचा, अशी ही मौज! पण नाव परत येते, आवाज परत येतो. काम परत येत नाही.

हे मला कळले ते यंदाच्या जूनमध्ये, आणि जरा उशिराच कळले.

फियाटची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती मुदत संपत आली होती. या कामाची फी २०२२ च्या एप्रिलात सहाशेवरून पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती दहा हजारांवर गेली. वर हरित कर, विमा, तपासणीपूर्वीची डागडुजी. आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात म्हणून त्याही बदलायच्या. मी कागदावर बेरीज मांडली. गाडी वर्षातून चार वेळाही बाहेर निघत नव्हती. दादा एकोणऐंशीचे, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी आपण होऊन गाडी चालवणे सोडले होते. बेरीज स्पष्ट होती. मी एका भंगार केंद्राला फोन केला आणि रविवारची वेळ ठरवली. दादांना 'नंतर सांगू' म्हणून सांगितले नाही.

केंद्राचा माणूस पत्ता विचारायला घरी फोन करील, आणि मी कॉलेजात असताना तो दादा घेतील, हे माझ्या बेरजेत नव्हते.

संध्याकाळी आलो तर टेबलावर एक फाइल होती. नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद, कराच्या पावत्या, धुराच्या तपासणीच्या चिठ्ठ्या. साली लावून, नाडी बांधून ठेवलेल्या. "सगळे कागद लावून ठेवलेत," दादा म्हणाले. "ऐन वेळी शोधाशोध नको." एवढेच. ते रागावले असते तर बरे झाले असते.

रविवारी तो माणूस टोचन घेऊन आला. दादा खाली उतरले आणि त्याला म्हणाले, "टोचन नको. ती आपल्या पायांनी गाडीवर चढेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बस. चालू कर." आदल्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला बोलावून बॅटरी चार्ज करून घेतली होती, हे मला तेव्हा कळले.

मी बसलो. मधल्या जागेवर लेक येऊन बसली. सहा महिने उभी असलेली गाडी. मी पुरा चोक ओढला, किल्ली फिरवली. खोकली आणि बंद. पुन्हा फिरवली. पेट्रोलचा वास आला. पुन्हा.

"थांब, थांब," दादा बाहेरून बॉनेटवर तळवा ठेवून म्हणाले. "पेट्रोल प्यायलीय ती. चोक आत घाल. आता पाय पुरता दाबून धर आणि नुसता स्टार्टर दे." चार फेरे झाले आणि गाडी खडखडून जागी झाली. "आता जरा चोक ओढा. थोडा, थोडाच. ऐका आता." मी कान दिला. मला नुसती धडधड ऐकू येत होती. तीस-बत्तीस वर्षे मी या गाडीत बसलो. पण कान दादांचा होता म्हणून मी माझा कधी लावलाच नव्हता. आता तो दादांबरोबर जाणार, हे त्या आसनावर बसून मला पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, आता आवाज बदलला. खाली आला."

"कोण म्हणालं?" दादांनी बाहेरून विचारले.

"मी, आजोबा."

"मग ढकल तूच."

तिने मूठ अर्धी आत ढकलली. आवाज लागला, अगदी माझ्यासारख्यालाही कळावा असा. टोचनवाल्याने आपली गाडी बंद केली होती आणि तोही ऐकत उभा होता.

त्याला चहा दिला, त्याच्या खेपेचे पैसे दिले, आणि वाटे लावले. दादा काही बोलले नाहीत. वर जाऊन त्यांनी फाइलीची सुटलेली नाडी पुन्हा बांधली, आणि कपाटात ठेवण्यापूर्वी एक कोरा कागद काढून त्यावर बदलायच्या नळ्यांची यादी केली. नोंदणी झाली. बेरीज माझ्या अंदाजापेक्षा थोडी वरच गेली. ती इथे सांगत नाही, कारण सौ. हा अंक वाचते.

आता दर रविवारी सकाळी सातला आम्ही तिघे मोरया गोसावींच्या देवळापर्यंत जाऊन येतो. चालवतो मी. मधल्या जागेला पट्टा बसवून घेतला आहे. तो लावल्याशिवाय चोकला हात लावायचा नाही असा घरचा कायदा आहे. नव्या गाडीला अजूनही दादांचे काही काम नाही. पण शनिवारी रात्री ते आठवणीने विचारतात, "पाणी पाहिलंस का रेडिएटरचं?" आणि लेक म्हणते, "पाहिलं आजोबा, बाबांसारखी विसरत नाही मी."

यंदा दसऱ्याला सौ.ने गाडीच्या पूजेसाठी मंडईतून लिंबे आणली. मी पिशवीत डोकावून मोजली. आठ होती.