प्लेटलेटचा आकडा आणि रुग्ण पाठवण्याचा निर्णय



पावसाचा जोर ओसरला की नाशिक शहरात व जिल्ह्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांच्या दारात नातेवाइकांची धावाधाव सुरू होते. प्लेटलेट, म्हणजेच रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिका, निरोगी माणसात दर मायक्रोलिटर रक्तामागे साधारण दीड ते साडेचार लाख असतात. हा आकडा घसरला एवढ्यावरूनच सुरगाणा किंवा पेठ येथील रुग्णाला नाशिकला हलवायचे ठरले, तर आकडा नव्वद हजार असूनही ताप उतरताच ज्याचे पोट दुखू लागले आहे व उलट्या थांबत नाहीत, असा खरा धोक्यातला रुग्ण मागे राहतो.

डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो प्रामुख्याने रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्यामुळे, आणि तेही बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरून घरचे निर्धास्त झालेले असताना. अशा वेळी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचा हिस्सा, वाढतो, वरच्या व खालच्या रक्तदाबातील अंतर कमी होते, हातपाय गार पडतात आणि लघवी घटते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

मुळात आकडाही नेहमी खरा नसतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. काचपट्टीवरील रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की हे उघड होते, आणि सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजणी करून खात्री करता येते. त्याच काचपट्टीवर अपक्व पेशी किंवा तांबड्या पेशींचे तुकडे दिसले, तर रक्तकर्करोग किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा गंभीर विकार संभवतो, आणि तेव्हा रक्तस्राव नसला तरी रुग्णाला त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञाकडे पाठवणे अनिवार्य ठरते.

रक्तस्राव नसताना केवळ आकडा वाढवण्यासाठी पिशवी चढवणे हितावह नाही. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सिंगापूर व मलेशियातील डेंग्यूग्रस्त प्रौढांवरील चाचणीत, २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्यांनाही अशा पिशवीने रक्तस्रावापासून अधिक संरक्षण मिळाले नाही, उलट दुष्परिणाम वाढले. शिवाय ही पिशवी २० ते २४ अंश तापमानात, सतत हलती ठेवून, जेमतेम पाच दिवस टिकते. ती विनाकारण खर्ची पडली, तर प्रत्यक्ष रक्तस्राव होणाऱ्याला किंवा केमोथेरपी घेणाऱ्या मुलाला ती वेळेवर मिळत नाही.

म्हणून जिल्हा परिषद व महापालिका यांच्या आरोग्य विभागांनी पुढील पावसाळ्यापूर्वी एकसमान संदर्भचिठ्ठी लागू करावी. तीत तापाचा दिवस, रक्तस्राव, रक्तदाब, हिमॅटोक्रिट, लघवीचे प्रमाण व चालू औषधे यांची नोंद सक्तीची असावी, आणि प्लेटलेट एक लाखाखाली असल्यास काचपट्टीच्या तपासणीचा शेरा असल्याशिवाय कोणत्याही प्रयोगशाळेने अंतिम अहवाल देऊ नये. मात्र रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, तर या शेऱ्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका क्षणभरही थांबवली जाऊ नये.

— एक वाचक, नाशिक